परसांतील कुमुदें आणि आंजर्ल्याचें तळें

गेल्या माघ महिन्याच्या कृष्णपक्षांत वाईहून आंजर्ल्यास जाऊन येण्याचा योग आला. कड्यावरच्या गणपतीचें दर्शन घ्यावें, दोन दिवस समुद्राकांठीं काढावे, असें निमित्त आम्ही चार ठिकाणीं सांगितलें होतें. खरें निमित्त निराळें होतें, व तें गाडीच्या मागील बाजूस, झांकणास भोकें पाडलेल्या एका प्लॅस्टिकच्या टबांत बसून सबंध घाटभर नखांनीं खरखर करीत होतें. तें आमच्या नातीचें कासव. त्यास देवाच्या तळ्यांत सोडून यावें, म्हणजे आमच्या परसांतील कुमुदें वांचतील आणि कासवासही चांगलें स्थळ मिळेल, असा आमचा बेत होता. तो कसा फसला हें सांगण्यापूर्वीं परसाची थोडी हकीकत सांगणें प्राप्त आहे.

आमच्या घरामागें काळ्या दगडाचा एक हौद आहे. आठ फूट लांब, पांच फूट रुंद व अडीच फूट खोल. विहिरीचें पाणी सांठवून फुलझाडांस घालण्याकरितां वडिलांनीं तो बांधविला. घरांत नळ आल्यावर तो कोरडा पडला, आणि पुढें कित्येक वर्षें त्यांत सरपण, मोडक्या खुर्च्या व मुलांच्या जुन्या सायकली यांची वस्ती होती. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही तो रिकामा केला, गळती बुजविली, आणि त्यांत कुमुदें लावण्याचा संकल्प सोडला. या संकल्पामागें थोडी प्रायश्चित्ताची भावनाही होती. तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना कमल, कुमुद, उत्पल, कैरव हीं नांवें आम्ही एका दमांत, जणूं एकाच फुलाचीं असावींत अशा थाटानें सांगत आलों होतों. अमरकोशकारानें वारिवर्गांत हीं फुलें नीट वेगळीं केलेलीं आहेत; पांढरें तें कुमुद किंवा कैरव, निळें तें इंदीवर. पण कोश पाठ असणें निराळें आणि पान हातांत धरून पाहणें निराळें.

कमळाचें पान पाण्याच्या वर देठावर उभें राहतें. तें अखंड वाटोळें असून देठ त्याच्या मधोमध जडलेला असतो, व पाण्याचा थेंब त्यावर पाऱ्यासारखा पळतो. कुमुदाचें पान पाण्यावर सपाट पसरतें, आणि देठापासून कडेपर्यंत त्यास एक चीर असते. कमळाच्या फुलांत मध्यें झारीच्या तोंडासारखा जो पिंवळा कोश दिसतो तोही कुमुदांत नसतो. इतकेंच काय, पण या दोहोंत जवळचें नातेंसुद्धां नाहीं असें अलीकडील वनस्पतिशास्त्र सांगतें. कमळाचा जवळचा सोयरा म्हणजे काश्मिरांतला चिनार! पाण्यांत राहणाऱ्या या फुलाचे भाऊबंद डोंगरावरचे वृक्ष निघावे, ही गोष्ट आम्ही वर्गांत सांगितली असती तर मुलांनीं ती थट्टा समजली असती. आपल्याकडे बाजारांत ‘कमळ’ म्हणून जें फूल हातीं येतें तें पुष्कळदां कुमुदच असतें, हेंही जातां जातां सांगून ठेवितों.

दुसरी दुरुस्ती चंद्राच्या बाबतींतली. चंद्रोदय झाला कीं कुमुदिनी फुलते, हा कविसंकेत आम्ही निःशंकपणें शिकविला होता. आमच्या हौदांतलें पांढरें कुमुद संध्याकाळीं दिवेलागणीला उमलूं लागतें व दुसऱ्या दिवशीं नऊदहाच्या सुमारास मिटतें, येथवर कवींचें म्हणणें खरें आहे. परंतु अमावास्येच्या रात्रीं बॅटरी घेऊन पाहिलें, तों तेंच फूल तितक्याच तत्परतेनें उमललेलें! त्याचा व्यवहार उजेड मावळण्याशीं आहे. चंद्र असो वा नसो. निळें उत्पल याच्या उलट, सकाळीं उघडून दुपार कलतां कलतां मिटणारें. दोन्ही जवळजवळ लावलीं म्हणजे हौद कोणत्याही प्रहरीं रिकामा दिसत नाहीं, आणि नऊच्या सुमारास थोडा वेळ एकाचें निघणें व दुसऱ्याचें येणें अशी गांठ पडते.

ज्यांच्या परसांत एखादें टांकें किंवा मोठें घंगाळ पडून असेल त्यांच्याकरितां लागवडीचे दोन शब्द. कुंडी पसरट तोंडाची घ्यावी. तींत शेतांतील चिकट काळी माती घालावी. बागेंतील पालापाचोळ्याची हलकी माती पाण्यावर तरंगते व सर्व पाणी गढूळ करिते. तळाशीं पुरतें कुजलेलें शेणखत मूठदोन मूठ पुरे. आम्ही पहिल्या वर्षीं उत्साहाच्या भरांत ओलें शेण घातलें, आणि आठ दिवसांत हौदाचें पाणी असें हिरवें झालें, व त्यास असा वास सुटला, कीं शेजाऱ्यांनीं सौम्य शब्दांत चौकशी केली. गड्डा लावल्यावर मातीवर दोन बोटें नदीची वाळू पसरावी, कुंडी आधीं विटांवर उंच ठेवावी, आणि पानें पृष्ठभागीं पोंचलीं कीं एकेक वीट काढून ती खालीं न्यावी. पांचसहा तास ऊन हवेंच. आमची एक कुंडी शेवग्याच्या सावलींत होती, तिनें दोन वर्षें नुसतीं पानें दिलीं. पाणी निवांत पाहिजे. कारंज्याची हौस असेल तर कुमुदांची सोडावी. हौदाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पानांनीं झांकला गेला म्हणजे शेवाळ आपोआप कमी होतें, आणि डांसांच्या अळ्यांकरितां दहापंधरा गप्पी मासे सोडले कीं घरांतल्या बायकांची तक्रार मिटते.

फूल जवळून पाहण्यासारखें असतें. उमलण्याच्या पहिल्या दिवशीं त्याच्या मध्यभागीं गोडसर पाण्याची एक लहानशी वाटी भरलेली असते. दुसऱ्या फुलाचे परागकण अंगावर घेऊन आलेला किडा तींत घसरला कीं ते परागकण धुतले जातात, व फुलाचें काम होतें. किडा मात्र कधीं वर येतो, कधीं तेथेंच बुडतो. दुसऱ्या दिवसापासून वाटी आटलेली असते, आणि केसर स्वतःचे पराग सोडूं लागतात. तीनचार दिवस असें उघडून मिटून झाल्यावर देठ वळतो व फूल पाण्याखालीं जातें. फळ तेथेंच पिकतें. बीं कांहीं काळ पाण्यावर तरंगून दूर जातें आणि मग तळाशीं बसतें. हा सर्व प्रकार नातीसह हौदाच्या कांठावर पालथें पडून आम्ही पाहिला आहे. या वयांत तसें पडणें सोपें, उठणें कठीण.

असा सहा वर्षें जमविलेला संसार एका कासवानें चार महिन्यांत उधळला. नात नऊ वर्षांची असतांना वाढदिवसाला तिला कोणींसें तें भेट दिलें होतें. त्या वेळीं रुपयाच्या नाण्याहून थोडें मोठें, पाचूसारखें हिरवें, डोळ्यांमागें दोहों बाजूंस तांबडा पट्टा. त्या पट्ट्यावरून तिचें नांव टिकली पडलें. दुकानदारानें ‘हें एवढेंच राहतें’ असें सांगितलें होतें म्हणे. चार वर्षांत तें एवढेंच न राहतां जेवणाच्या ताटलीएवढें झालें, कांचेच्या पेटींत मावेना, म्हणून आम्हींच एके दिवशीं तें हौदांत सोडलें. प्रथम गप्पी मासे गेले. मग कोंवळीं पानें कुरतडलेलीं दिसूं लागलीं. मग सकाळीं जाऊन पाहावें, तों रात्रीं फुगलेली कळी देठासकट नाहींशी! कुंड्यांतली वाळू उकरलेली, गड्डे उघडे पडलेले, आणि टिकली विटेवर चढून मान उंच करून ऊन खात बसलेली. तिच्यावर रागावण्यांत अर्थ नव्हता, पण आम्ही रागावलों.

तेव्हां वडिलांची आठवण झाली. आमच्या लहानपणीं घरच्या विहिरींत एक कासव असे. त्याची पाठ मऊ, नाक सोंडेसारखें पुढें आलेलें. पाय आंत ओढले कीं मागच्या पायांवर कातड्याच्या झडपा मिटत. कासवानें विहिरीचें पाणी निर्मळ राहतें अशी समजूत होती, व तें कोणी आणलें हें कोणास ठाऊक नव्हतें. १९७२ च्या दुष्काळांत विहीर आटली. कासव मेलें असें समजून आम्हां मुलांनीं दोन दिवस शोक केला. पुढें गाळ काढूं लागले तेव्हां हातभर चिखलाखालून तें जिवंत निघालें! पाणी आटलें म्हणजे चिखलांत पुरून घेऊन पडून राहावें, ही या जातीची रीतच आहे. वडिलांनीं तें पोत्यांत घालून कृष्णेच्या डोहावर नेलें आणि सोडून दिलें. आम्ही बरोबर होतों. पोतें उघडतांच तें एकदां थांबलें, व मग कांहीं एक मागें न पाहतां पाण्यांत शिरलें. तें चित्र मनांत इतकें पक्कें बसलें होतें कीं, टिकलीलाही तसेंच सोडावें, आणि नदीपेक्षां देवाच्या तळ्यांत सोडावें, हें आम्हांस पुण्यकृत्यच वाटलें. नात रडली. तिला आम्ही वडिलांची गोष्ट सांगून समजाविलें.

पसरणीचा घाट चढून पांचगणी, महाबळेश्वर, तेथून आंबेनळीच्या घाटानें पोलादपूर, मग कशेडी ओलांडून खेड व दापोली, असा आमचा मार्ग होता. घाटमाथ्यावरची थंडी पोलादपुरास संपली आणि दापोलीच्या पुढें हवेला खारट वास येऊं लागला. पूर्वीं हर्णैच्या बाजूनें येणारास खाडीपाशीं थांबून होडीची वाट पाहावी लागे. आतां पूल झाला आहे, व जोग नदीच्या मुखावरून गाडी क्षणांत पलीकडे जाते. आंजर्लें म्हणजे नारळीपोफळींच्या वाड्यांत लपलेलें गांव. गाडीरस्ता थेट देवळापर्यंत जातो, पण आम्ही जुन्या पाखाडीनें चढलों. सौभाग्यवतींनीं तीनदां बसून घेतलें. टब चिरंजीवांनीं उचलला होता.

वर गेल्यावर श्रम विसरावे असें स्थान आहे. पूर्वीं हा गणपति खालीं समुद्राकांठीं होता. सागर चढूं लागला तेव्हां देव स्वतः उठून या टेकडीवर आला अशी कथा आहे, आणि वाटेंत त्यानें टेंकविलेलें पाऊल म्हणून एक खूण दाखवितात. मूर्ति उजव्या सोंडेची. देवळाच्या आवारांतून पाहिलें असतां हर्णैचा किनारा आणि पाण्यांतला सुवर्णदुर्ग दिसतो. देवळासमोरच तें तळें. कांठावर यात्रेकरू खाऊ टाकीत होते. मासे थव्याथव्यानें वर येत, आणि मधूनच त्यांना बाजूला सारून एखादें कासव तोंड वर काढी, घांस घेई व बुडे. आपल्या देवळांत सभामंडपाच्या फरशींत कासव कोरलेलें असतें; येथें तीं देवासमोर जिवंत पोहतांना पाहून आमच्या बेतास जणूं अनुमोदन मिळालें. दर्शन झालें, आरती झाली. गर्दी ओसरल्यावर आम्ही टब कांठावर आणला व झांकण काढलें. नातीनें शेवटचें म्हणून टिकलीच्या पाठीवरून हात फिरविला.

“काका, जरा थांबा. हें कुठलं कासव?”

पंचविशींतला एक तरुण पायरीवर उभा होता. आम्ही थोड्या अभिमानानेंच सांगितलें कीं, घरचें आहे, देवाला वाहतों आहों. त्यानें खालीं वाकून तो तांबडा पट्टा पाहिला.

“हें इथलं नाहीं. अमेरिकेंतलं आहे हें. इथं सोडूं नका.”

“मुकें जनावर आहे,” आम्ही म्हणालों. “सुखानें राहील.”

“तें राहील हो. बाकीचीं राहणार नाहींत.”

शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसाला दुसऱ्यानें शिकविलेलें सहसा रुचत नाहीं. आम्ही वाद घातला. वडिलांनीं कृष्णेंत सोडलेल्या कासवाचा दाखला दिला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, “काका, तें कृष्णेचंच होतं. तुमच्या वडिलांनीं त्याला घरीं पोंचवलं. याचं घर मिसिसिपी नदीवर आहे.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. नंतर कट्ट्यावर बसून त्यानें जें सांगितलें, व घरीं परतल्यावर आम्ही वाचून ताडून पाहिलें, तें असें. हीं लाल पट्ट्याचीं कासवें पिलें असतांना जगभर विकलीं जातात, मोठीं झालीं कीं लोकांस जड होतात, आणि मग जो तो तीं जवळच्या तळ्यांत सोडतो. मादी फूटभर वाढते. तीस वर्षें किंवा त्याहून अधिकही जगते. ऊन खाण्याची जागा व अन्न यांवरून तीं तेथल्या कासवांना हुसकतात, शिवाय अंगावरचे रोग व परोपजीवी कृमि त्यांना देतात. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांची जी यादी केलेली आहे तींत यांचें नांव आहे, आणि युरोपीय संघानें १९९७ सालीं यांची आयात बंद केली. खुद्द अमेरिकेंत चार इंचांहून लहान कासवें विकण्यास १९७५ सालीं मनाई झाली, ती निराळ्या कारणानें: लहान मुलें तीं तोंडाशीं नेत आणि साल्मोनेला जंतूंनीं आजारी पडत. हें शेवटचें ऐकून सौभाग्यवतींनीं नातीच्या हातांकडे पाहिलें, व तिला तत्काळ नळावर नेलें.

मग देशी कासव पाळावें काय, असें आम्ही विचारलें. तो हंसला. विहिरींत असे तें मऊ पाठीचें कासव १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत आहे, म्हणजे ज्या यादींत वाघ आहे तींतच. तें धरणें किंवा घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. ज्या वर्षीं वडिलांनीं आमचें कासव सोडलें, त्याच वर्षाचा कायदा निघावा हा योगायोग मनाला लागून राहिला. वडिलांना कायद्याची वार्ताही नसेल. त्यांनीं एवढेंच पाहिलें कीं विहिरींत पाणी नाहीं व डोहांत आहे.

टबाचें झांकण पुन्हां लागलें. उतरतांना कोणी फार बोललें नाहीं. नात मात्र टब आपणच धरीन म्हणून हट्ट करून बसली.

तो तरुण समुद्रकासवांच्या घरट्यांवर पहारा करणाऱ्यांपैकीं होता. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यानें आम्हांस किनाऱ्यावर बोलाविलें. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ सालीं वेळास येथें हें काम आरंभिलें, तें पुढें या किनाऱ्यावरही पसरलें. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं वाळूंत खळगा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते व निघून जाते. कोल्हीं, कुत्रीं आणि माणसें यांच्यापासून वांचविण्याकरितां तीं अंडीं उचलून जाळीच्या कुंपणांत तितक्याच खोलीवर पुरतात. सुमारें पन्नास दिवसांत पिलें निघतात. वाळू जितकी तापलेली तितक्या माद्या अधिक, असाही निसर्गाचा एक चमत्कारिक नियम आहे. त्या पहाटे खळग्यावरची टोपली उचलली तेव्हां खालीं बारा पिलें होतीं, करड्या रंगाचीं, तळहातावर सहज मावतील अशीं. पण तळहातावर कोणी घेतलीं नाहींत. ओल्या वाळूवर ठेवतांच तीं समुद्राकडे सरकूं लागलीं. एक पिलूं लाटेनें तीनदां मागें आणलें. नात श्वास रोधून उभी होती. चवथ्या लाटेबरोबर तें गेलें.

परतीच्या वाटेवर आंबेनळीच्या घाटांत तिनें विचारलें, “आजोबा, टिकली किती वर्षं जगेल?” आम्ही सांगितलें, आणखी पंचवीस तरी. तिनें बोटें मोजलीं, आमच्याकडे पाहिलें, आणि पुढचा प्रश्न विचारला नाहीं. आमचें वय सदुसष्ट आहे. तो हिशेब आम्ही आधींच करून चुकलों होतों. घरीं आल्यावर रात्रीं जेवणाच्या पंगतींत आम्ही ही गोष्ट सर्वांपुढें मांडली. घरांत आणलेला जीव घरानेंच शेवटपर्यंत सांभाळावयाचा, आमच्या मागें तो कोणाकडे राहील तें आजच ठरवावें, असें म्हटलें. सगळे गप्प राहिले. मग सूनबाई म्हणाल्या, “टिकली माझ्याकडे. पण तिचं पाणी पुरुषमंडळींनीं बदलावं.” हा करार मान्य झाला.

आतां परसांत शेवग्याच्या पलीकडे, ऊन येईल अशा जागीं सिमेंटची एक निराळी टांकी केली आहे. चार फूट लांब, तीन फूट रुंद. मध्यें चढून बसण्यास उतरता दगड, वर जाळी. पाणी दर चार दिवसांनीं बदलावें लागतें. तें काढलेलें पाणी केळींना चांगलें मानवतें. हौदांतल्या कुमुदांपैकीं तीन गड्डे जगले. निळें उत्पल गेलें, तें पुन्हां मिळविलें पाहिजे. गप्पी मासे नव्यानें सोडले आहेत. या श्रावणांत पांढऱ्या कुमुदाला पहिली कळी आली, आणि ती फुटेपर्यंत घरांतलें प्रत्येक माणूस दिवसांतून एकदां तरी मागल्या दारीं जाऊन येत असे.

कुमुदाचीं जुनीं पानें पिंवळीं पडूं लागलीं कीं तीं वेळींच काढावीं लागतात, नाहीं तर कुजून पाणी खराब होतें. नात दर रविवारीं तीं देठासकट खुडते, धुते, आणि टांकीची जाळी उचलून आंत टाकते. टिकली प्रथम देठ खाते, मग पान.